अंगण खरंच वाकडं होतं

पोस्ट लांब आहे, आणि बरीचशी माझ्याच विरोधात आहे. सवडीने वाचा.

1 ऑगस्ट 2024. दुपारची वेळ. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ऑलिंपिक ब्राँझ घेतलं. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलंच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जिल्हाभर साखर वाटली गेली, फटाके उडाले. मीही त्या दिवशी चार कॉलम लिहिले. त्यात एक वाक्य असं होतं, की मुलाच्या गोळ्यांसाठी बापाने कर्ज काढलं. सगळ्यांनीच ते लिहिलं होतं. वाचणाऱ्यांचे डोळे पाणावले, फोन आले, ‘काय लिहिलंय राव’ म्हणून.

पण कसली गोळी? ती एवढी महाग का? स्वस्त गोळी मिळत नाही का, आणि मिळत असेल तर ती का चालत नाही? यातला एकही प्रश्न मला तेव्हा पडला नाही. वीस वर्षं पत्रकारिता केलेल्या माणसाला कर्ज दिसलं, गोळी दिसली नाही.

ती गोळी मला वर्षभराने दिसली. आमच्याच गल्लीतल्या एका पोरीमुळे.

पोरीचं नाव लिहीत नाही, ती अजून लहान आहे. अकरावीला आहे. वडील दूध संघात कामाला. पोरगी आधी दहा मीटरची एअर रायफल मारायची. हात चांगला म्हणून सरांनी तिला 50 मीटरला घेतलं. म्हणजे पॉइंट टू टू, झोपून मारायचा प्रोन प्रकार. तेजस्विनी सावंतने 2010 ला म्युनिकमध्ये 600 पैकी 597 मारून जागतिक विजेतेपद मिळवलं, तोच हा प्रकार. तालुक्याला 50 मीटरची रेंज नाही, म्हणून आठवड्यातून तीन दिवस एसटीने दीड तास जायचं आणि दीड तास यायचं. रायफल क्लबची, जॅकेट जुनं, दुसऱ्या पोरीने वापरलेलं. गोळ्या क्लबकडून मोजून घ्यायच्या आणि रिकामी काडतुसं मोजून परत द्यायची.

गोळ्या स्वस्तातल्या. बाहेरच्या देशातून येणारी, सरावासाठी म्हणून विकली जाणारी एक गोळी आहे. तिचं नावही लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. चांगल्या मॅच गोळीच्या एका खोक्याच्या पैशात या गोळीची तीन खोकी येतात, असं क्लबवाले सांगतात. एका खोक्यात 50 गोळ्या.

गेल्या वर्षी निवड चाचणी होती. प्रोनमध्ये 60 गोळ्या मोजायच्या, त्याआधी अंदाज घ्यायला सायटिंगच्या. पन्नास मिनिटांत आटपायचं. पोरीच्या पहिल्या तीन सिरीज म्हणजे तीस गोळ्या झकास गेल्या. बाप माझ्या शेजारी बसून बोटांवर हिशेब करत होता. चौथ्या सिरीजला काय झालं कोण जाणे, नऊ, नऊ, आठ, पुन्हा नऊ. सगळ्या खाली. तिने सायट वर घेतली तर पुढची गोळी वरून गेली. त्यात दोन वेळा चाप ओढला आणि नुसतं टक्क. गोळी उडालीच नाही. अशा वेळी नळी समोरच धरून थांबायचं असतं, कारण बार उशिरानेही उडू शकतो. मग ती काढायची, दुसरी भरायची, श्वास पुन्हा लावायचा. घड्याळ मात्र पळतच असतं.

निवड हुकली. थोडक्यात नाही, चांगलीच हुकली.

बाहेर आल्यावर पोरगी सरांना म्हणाली, “सर, गोळीतच काहीतरी होतं.”

सर म्हणाले, “नाचता येईना, अंगण वाकडं.”

आजूबाजूची दोन-चार पोरं हसली. मीसुद्धा हसलो. आणि त्या रात्री अंकात बातमी लावली. मथळा मीच दिला : ‘दडपणाखाली कोलमडली’. चांगली सुरुवात करूनही मोक्याच्या क्षणी मानसिक तयारी कमी पडली, ग्रामीण खेळाडूंना क्रीडा मानसशास्त्रज्ञाची गरज, वगैरे वगैरे. शहाणपण शिकवायला आमच्या लेखणीला शाई कधी कमी पडत नाही.

पोरीने रेंजवर जायचं सोडलं. महिना गेला, दुसरा गेला. एके दिवशी तिचा बाप चहाच्या गाड्यावर भेटला. चिडला नव्हता, म्हणून जास्त लागलं. म्हणाला, “दादा, तुम्ही लिवलं ते बरोबरच असंल. आम्हाला त्यातलं काय कळतंय? पण पोरीनं ते कात्रण कापून कपाटाला आतल्या बाजूनं चिकटवलंय. रोज बघती.”

त्या आठवड्यात मी एकटाच रेंजवर गेलो. बातमीसाठी नाही. आपण कशावर हसलो ते तरी कळावं म्हणून.

तिथे एक निवृत्त सुभेदार येतात. सकाळी लवकर येऊन कोपऱ्यात पिस्तूल मारतात, फारसं बोलत नाहीत. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “खोकं कुठलं होतं?”

मी कंपनीचं नाव सांगितलं.

“नाव नको. लॉट नंबर?”

मला लॉट नंबर काय असतो तेच ठाऊक नव्हतं. त्यांनी खोकं उलटं करून दाखवलं. छापलेला बारीक आकडा. एका वेळी, त्याच मालमसाल्यातून भरलेल्या गोळ्यांचा तो नंबर. आपल्याकडे बी-बियाण्याच्या पिशवीवर असतो ना, तसाच. एकाच कंपनीचं, एकाच वाणाचं बी, पण एका लॉटचं उगवतं आणि दुसऱ्याचं वाया जातं. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

मग सुभेदार म्हणाले, “पोरीला एकदा घेऊन या. चूक तिची का गोळीची, बघूया की.”

पोरगी यायला तयार नव्हती. आईने समजूत घातली तेव्हा आली. चाचणीतलीच रायफल घेतली. वाळूच्या पिशव्यांवर नीट टेकवली, म्हणजे हाताची थरथर, श्वास, दडपण, सगळं बाजूला. क्लबच्या वहीत नोंद होती, त्यावरून चाचणीच्या दिवशी वाटलेली दोन्ही लॉटची खोकी सापडली. हो, दोन लॉट. पहिलं खोकं सरावातल्याच लॉटचं होतं. ते संपल्यावर दुसरं फोडलं, ते वेगळ्या लॉटचं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. कपाटात जे हाताला लागलं ते दिलं. तिसरी मॅच गोळी एका मोठ्या नेमबाजाने दिली, मोजून दहा.

प्रत्येकातल्या दहा-दहा मारल्या. मॅच गोळीची दहाही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली. स्वस्त गोळीच्या पहिल्या लॉटवर दोन रुपयांचं नाणं ठेवलं, नऊ झाकली, एक बाहेर. आणि दुसऱ्या लॉटची भोकं आमटीच्या वाटीच्या बुडाएवढी पसरलेली, तीही आडवी नाहीत, वरखाली. दहातली एक तर उडालीच नाही.

कंपनी तीच. खोक्याचा रंग तोच. किंमत तीच.

पोरगी कागदाकडे बघत उभी राहिली. काही बोलली नाही. सुभेदारांनी तो कागद घडी घालून तिच्या हातात दिला आणि म्हणाले, “हा पण कपाटाला लाव.” त्यांना कात्रणाचं मी सांगितलं होतं. मी मान खाली घातली.

आता हे असं का होतं, ते मला जेवढं समजलं तेवढं सांगतो.

पॉइंट टू टूच्या गोळीला मधोमध टोपी नसते. तिचा पेटणारा मसाला बुडाच्या कडेत, त्या गोल घडीत आतून बसवलेला असतो. रायफलीची पिन कडेवर आपटते आणि बार उडतो. हा मसाला कडेभर सारखा पसरला नाही, एखाद्या ठिकाणी कोरी जागा राहिली आणि पिन नेमकी तिथेच बसली, तर टक्क. म्हणूनच न उडालेली गोळी काढून, थोडी फिरवून पुन्हा लावली की कधी कधी उडते. जुने नेमबाज सरावात हे करतात. स्पर्धेत तेवढा जीव थाऱ्यावर नसतो.

दुसरी गोष्ट वेगाची. ही गोळी सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास जाते. 50 मीटर जाईपर्यंत ती सुमारे 12 सेंटिमीटर खाली येते, तेवढं सायट लावताना धरलेलं असतं. पण एक गोळी दुसरीपेक्षा सेकंदाला 10 मीटरने हळू निघाली, तर ती आणखी सात-आठ मिलिमीटर खाली जाते. शाळेतल्या भौतिकशास्त्राने मी हे कागदावर मांडून पाहिलं. सात-आठ मिलिमीटर म्हणजे आपल्या लेखी काहीच नाही. पण 50 मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. म्हणजे मधोमध लागणारी गोळी दहाच्या काठावर जाऊन बसते. त्यात नेम केसभर हलला की नऊ, आणि वेगाचा फरक दुप्पट असला की आठ. पोरीच्या गोळ्या खाली का जात होत्या आणि सायट बदलल्यावर वर का गेल्या, त्याचं उत्तर या गणितात होतं. आम्ही मात्र ते तिच्या मनात शोधत बसलो.

पण गोष्ट इथेच संपवली तर मी पुन्हा अर्धवट बातमी देईन. कारण त्याच रेंजवर त्याच स्वस्त गोळीबद्दल चांगलं बोलणारेही आहेत.

बँकेत काम करणारे एक गृहस्थ 25 मीटर पिस्तूल मारतात. राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं तो प्रकार. ते म्हणाले, “ही गोळी नसती तर मी दोन वर्षांपूर्वीच पिस्तूल ठेवून दिलं असतं. पगारात बसते म्हणून मारतोय.” त्यांचंही खरं आहे. 25 मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ 50 मिलिमीटरचं, रॅपिडला तर 100. तिथे सात-आठ मिलिमीटरने आभाळ कोसळत नाही. त्यांची तक्रार वेगळी. पिस्तूल आपोआप पुढची गोळी भरून घेतं. बार कमजोर निघाला तर स्लाइड पुरती मागे जात नाही आणि रिकामं काडतूस तोंडातच अडकतं. रॅपिडला टार्गेट तीन सेकंद दिसतं आणि सात सेकंद लपतं. तेवढ्यात अडकलेलं काडतूस काढून कोण मारणार? पिस्तुलाला नियमात सोय आहे. पिन आपटल्याची खूण असेल आणि बार उडाला नसेल, तर मर्यादेत का होईना, सिरीज पुन्हा मारता येते. प्रोन रायफलीत अशी पुन्हा संधी नाही, घड्याळ चालूच.

सुभेदारांचं मत तिसरंच. ते म्हणतात, शिकणाऱ्याला स्वस्त गोळीच द्या, पोत्याने द्या. झोपायचं कसं, श्वास कुठे धरायचा, चाप कसा दाबायचा, हे हजारो गोळ्या मारल्याशिवाय येत नाही. त्या हजारो गोळ्या मॅचच्या घ्यायच्या म्हटलं तर दूध संघातला बाप कुठून आणणार? आमच्या पोरीचा हात बसला तो याच स्वस्त गोळीवर. हे तीही मान्य करते.

म्हणून कंपनीचं नाव लिहिलं नाही. नाव लिहिलं असतं तर उद्या सगळे त्या कंपनीला शिव्या देतील आणि दुसऱ्या कंपनीचं खोकं डोळे झाकून घेतील. दोष स्वस्त असण्यात नाही. लॉट न तपासता, न सांगता, निवड चाचणीत पोरांच्या हातात देण्यात आहे.

जगातले मोठे नेमबाज काय करतात? इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला एली कंपनीची टेस्ट रेंज आहे. फिनलंडच्या लापुआ कंपनीची जर्मनीत शोनेबेकला आहे. नेमबाज आपली रायफल घेऊन तिथे जातात, वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या त्याच नळीतून मारून बघतात आणि जो लॉट जुळेल तो वर्षभराचा उचलतात. म्हणजे सर्वांत महाग गोळीसुद्धा ते डोळे झाकून घेत नाहीत. आणि आपण सर्वांत स्वस्त गोळी देऊन पोरांना सांगतो, मन खंबीर ठेवा.

त्यात आणखी एक मेख आहे. राष्ट्रीय स्पर्धेत ठरलेले गुण मिळवून जो ‘रिनाउन्ड शॉट’ होतो, त्याला परदेशातून शस्त्र आणि गोळ्या मागवायची सवलत मिळते. 2020 मध्ये केंद्राने सरावाच्या गोळ्यांची मर्यादाही वाढवली, चांगलं केलं. पण खालच्या पायरीवरच्या पोराचं काय? चांगली गोळी मिळायला गुण पाहिजेत, आणि गुण मिळायला चांगली गोळी पाहिजे. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तसला प्रकार.

आपल्या राज्यात खडकीला 1869 पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. जळगाव जिल्ह्यात वरणगावला आहे. एवढ्या जुन्या कारखानदारीच्या राज्यात ऑलिंपिकच्या तोडीची पॉइंट टू टू गोळी मात्र इंग्लंड, जर्मनीहून यायची वाट बघावी लागते. हे कधी बदलायचं, हा प्रश्न मोठा आहे. खासदारांनी विचारायचा आहे. पण तोवर आपल्या हातात काही आहे का? आहे.

पहिलं. क्लबने गोळी देताना पोराच्या वहीत लॉट नंबर लिहून द्यावा. याला एक पैसा लागत नाही.

दुसरं. नवीन माल आला की टेकवून दहा-दहा गोळ्या मारून बघाव्यात. चांगला लॉट बाजूला ठेवावा, वाईट लॉट नवशिक्यांना किंवा पिस्तूलवाल्यांना सांगून द्यावा. सुभेदारांनी आता हे सुरू केलंय.

तिसरं, आणि महत्त्वाचं. निवड चाचणीत सगळ्या पोरांना एकाच तपासलेल्या लॉटची गोळी मिळावी. 60 मोजणीच्या, अधिक सायटिंगच्या. एका पोराला दोन खोकी पुरतात. दोनच. आपल्या तालुक्यात वाढदिवसाच्या एका फ्लेक्सला जेवढा खर्च होतो, त्यात हे बसतं का, याचा हिशेब नेत्यांनी स्वतः करावा. गोळ्या कुणालाही दुकानातून घेता येत नाहीत, कायदा आहे, त्यामुळे मदत क्लबच्या खात्यावर द्यावी आणि पावती घ्यावी. पदक आल्यावर शाल, श्रीफळ आणि मिरवणूक हे आपण उत्तम करतो. पदकाच्या आधीची दोन खोकी आपल्याला दिसत नाहीत.

आता माझं.

‘दडपणाखाली कोलमडली’ ही बातमी माझी होती. ती चुकीची होती. त्या दिवशी पोरगी म्हणाली होती की गोळीत काहीतरी आहे. घटनास्थळी असलेल्या एकमेव साक्षीदाराचं म्हणणं मी लिहून घेतलं नाही, उलट हसलो. पदविकेच्या वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवतात, की ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला आधी विचारा. अंकात मी खुलासा छापलाय, आत, छोटासा, खुलासे छापतात तसा. मूळ बातमी पाच कॉलम होती. म्हणून हे इथे, सगळ्यांसमोर लिहितोय. बाळ, चूक माझी होती.

सरांशीही बोललो. ते भले माणूस आहेत, वर्षानुवर्षं पदरमोड करून पोरं घडवतात. ते म्हणाले, “पत्रकार, अंगण खरंच वाकडं असलं तरी म्हण तीच सुचते बघा.” दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरीच्या घरी जाऊन चहा घेतला.

पोरगी पुन्हा एसटीने जायला लागलीय. तिच्याकडे आता शंभरपानी वही आहे. तारीख, वारा, लॉट नंबर, किती उडाल्या, किती टक्क झाल्या, सगळं लिहिते. परवा मला वही दाखवली. एका पानावर ओळीने नऊ-नऊ होते. मी म्हटलं, “हा लॉट खराब दिसतोय.”

ती म्हणाली, “नाही काका, लॉट चांगला होता. त्या दिवशी मीच वाईट मारलं.”

पुढच्या महिन्यात चाचणी आहे. क्लबच्या खात्यावर पैसे भरायचे असतील त्यांनी मला इनबॉक्स करा, क्लबच्या सचिवांशी गाठ घालून देतो. चौदा पोरं आहेत. अठ्ठावीस खोकी.